नोकरीच्या दारात ताठ मानेने

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेचा गौरव करावा, निकालांचे आकडे सांगावेत, अशी रीत आहे. ते काम अहवालात झालेले आहे. मी आज थोडा वेगळा विषय निवडला आहे. गेल्या काही वर्षांत शाळेत भेटायला येणारी आपली मुले मला जो प्रश्न सर्वाधिक वेळा विचारतात, त्याविषयी बोलावे असे वाटले. तो प्रश्न परीक्षेचा नाही, नोकरीचा आहे. मुलाखतीला कसे सामोरे जावे, आणि मालक अन्यायाने वागू लागला तर काय करावे, असा तो प्रश्न आहे.

आपले भिलाई हे नोकरीतून जन्मलेले गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले. त्या चार वर्षांत आणि त्यानंतरच्या दशकांत नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडून किती मराठी कुटुंबे या मुंबई-हावडा मार्गावरून इथे उतरली असतील! नागपूर ही १९५६ पर्यंत या साऱ्या प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांना हा मुलूख अगदी परका नव्हता. त्यांनी क्वार्टर मिळवले, गणपती बसवले, हळदीकुंकू सुरू केले आणि मुलांसाठी मराठी शाळा काढली.

त्या पिढीने आयुष्यात बहुधा एकच मुलाखत दिली. एकदा प्लांटमध्ये नाव लागले की निवृत्तीपर्यंत मालक बदलत नसे. पगाराची तारीख ठरलेली, इस्पितळ ठरलेले, बोनसचा महिना ठरलेला. आज त्यांची नातवंडे पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत, रायपुरात आहेत. काही इथेच ठेकेदाराकडे आहेत. त्यांना दर दोन-तीन वर्षांनी नव्या माणसासमोर बसावे लागते आणि नवा करार वाचावा लागतो. आपण त्यांना पाढे शिकवले, व्याकरण शिकवले, प्रामाणिकपणा शिकवला. परंतु आपल्या श्रमाची किंमत शांतपणे कशी सांगावी आणि ती नाकारली गेली तर काय करावे, हे घरानेही शिकवले नाही आणि अभ्यासक्रमातही ते नव्हते.

प्रारंभ मुलाखतीपासून करू. आपल्यातील एक नाव सांगते. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी म्हणून नव्हे, अर्जदार स्त्री म्हणून. कमलाबाईंनी ते मुकाट्याने स्वीकारले नाही. त्या बंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि आपला आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: एक वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्रीपर्यंतही काम करायचे, आणि प्रयोगशाळेचे वातावरण आपल्यामुळे बिघडू द्यायचे नाही.

ही शेवटची अट ऐकून आजही मन दुखावते. कमलाबाईंनाही तो अपमानच वाटला. तरी त्यांनी त्या वर्षात असे काम केले की रामन यांना त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्य करावे लागले आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. नीरेवरील त्यांच्या संशोधनाचा राष्ट्रपतींच्या पारितोषिकाने गौरव झाला. मात्र नंतरही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. गुणवत्ता सिद्ध झाली की अन्याय आपोआप संपतो, अशी भाबडी शिकवण मी या चरित्रातून काढणार नाही. मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, नकार आला तर कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसरी, एखादी अट आपण स्वीकारत असू तर ती कशासाठी आणि किती काळासाठी, हे आपल्या मनात स्पष्ट असावे.

दुसरे उदाहरण अनेकांनी वाचले असेल. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत, असे तीत स्पष्ट लिहिले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड पाठवले. काही दिवसांत तार आली आणि पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले. जाण्यायेण्याचा खर्चही कंपनीचा. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पुण्याच्या साड्या आणायला म्हणून प्रत्येकी तीस रुपये हातावर ठेवले. मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांची उत्तरे त्यांनी नीट दिली. कारखान्याच्या कामावर आजवर स्त्रिया नाहीत, ही अडचण मंडळातल्या ज्येष्ठांनी सांगितली, तेव्हा कुठेतरी सुरुवात करावीच लागेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी नम्रपणे दिले. त्यांची निवड झाली.

त्या पोस्टकार्डाविषयी मी आमच्या मुलींना नेहमी सांगते. त्यात तक्रार होती, परंतु ती निर्णय बदलू शकणाऱ्या माणसाकडे गेली. नाक्यावर गाऱ्हाणे सांगितले असते तर मन हलके झाले असते. जाहिरात तशीच राहिली असती.

माझ्या पदामुळे गेली अनेक वर्षे मी मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसते. शिक्षक, लिपिक, प्रयोगशाळा सहायक अशा पदांसाठी येणारी तरुण मुले पाहते. त्या अनुभवावरून काही साध्या गोष्टी सांगते.

मराठी माध्यमात शिकलेली आपली मुले खोलीत शिरताक्षणीच क्षमा मागितल्यासारखी बसतात. 'माझे इंग्रजी तितकेसे चांगले नाही' हे पहिलेच वाक्य असते. कोणी विचारलेले नसताना आपली उणीव ताटात वाढून समोर ठेवण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न कळला नाही तर 'कृपया प्रश्न पुन्हा सांगाल का' असे म्हणावे. उत्तर येत नसेल तर 'हे मला ठाऊक नाही, परंतु असे काम आले तर मी अमुक पद्धतीने शोधून काढीन' असे म्हणावे. सावकाश, लहान वाक्यांत बोललेले इंग्रजी मंडळाला पुरते. घाईने ओतलेले पाठांतर मात्र दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. भिलाईत वाढलेले मूल घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी, कामावर इंग्रजी अशा चार भाषांत वावरते. ही उणीव नव्हे, हे त्याला आधी घरातल्यांनी सांगायला हवे.

दुसरे, मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. संस्था उमेदवाराला पारखते, तशी उमेदवारानेही संस्थेला पारखायची असते. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का' असे म्हटले जाते, तेव्हा आमची मुले संकोचाने मान हलवतात. त्या वेळी चार प्रश्न विचारावेत. कामाच्या वेळा कोणत्या? हातात येणारा पगार किती आणि कोणत्या तारखेला? नियुक्तिपत्र केव्हा मिळेल? परिविक्षा काळ किती आणि तो संपल्यावर काय? या प्रश्नांनी नाराज होणारी संस्था पुढे कशी वागेल, याचा अंदाज तिथल्या तिथेच येतो.

तिसरी गोष्ट मुलींसाठी, आणि त्यांना मुलाखतीला पाठवणाऱ्या आईवडिलांसाठीही. 'लग्न केव्हा करणार', 'मूल झाल्यावर नोकरी सोडाल का' हे प्रश्न अजूनही विचारले जातात. त्यावर चिडून उठून यावे असेही नाही आणि घरची सगळी हकीगत सांगावी असेही नाही. 'या पदासाठी लागणारा वेळ आणि जबाबदारी मी सांभाळू शकते. कामाविषयी आपण काहीही विचारा' इतके उत्तर पुरेसे आहे. संभाषण कामाकडे परत वळवणे हे आपल्या हातात असते.

चौथी गोष्ट फसवणुकीची. नोकरी देतो म्हणून पैसे, अनामत, प्रशिक्षणाचे शुल्क मागणारा माणूस मालक नसतो. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती द्याव्यात. मूळ कागद कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. ते शरीराच्या अवयवासारखे समजावेत.

पालकहो, आता विषयाच्या अवघड भागाकडे येते. नोकरी मिळाली आणि मालक अन्यायी निघाला तर काय?

आधी कठोर मालक आणि अन्यायी मालक यांतला फरक ओळखायला हवा, कारण तरुणपणी तो कळत नाही. वेळेवर या, चुका दुरुस्त करा, काम पूर्ण करूनच घरी जा, असे म्हणणारा कठोर असेल. त्याच्याकडून शिकायला मिळते. नियम आधी सांगितला आहे का, तो सर्वांना सारखा आहे का आणि तो लिहून द्यायची तयारी आहे का, असे तीन प्रश्न मनाशी विचारावेत. तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर तक्रार करण्याआधी स्वतःच्या कामाकडे पाहावे. काम करून घेतल्यावर नियम बदलणे, जवळच्यांना एक आणि दुबळ्यांना दुसरा न्याय लावणे, आणि तोंडी कबूल केलेले कागदावर आणायला टाळाटाळ करणे, हा अन्याय होय.

माझ्या उमेदीच्या वर्षांतला एक अनुभव सांगते. एम. ए., बी. एड. झाल्यावर मी दुसऱ्या एका शहरातल्या खाजगी शाळेत रुजू झाले. तिथे वेतनपत्रकावर पूर्ण रकमेची सही घेतली जाई आणि हातात त्याहून बरीच कमी रक्कम पडे. मूळ पदव्या कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद. आम्ही पाच शिक्षिका होतो. आमच्यातल्या वयाने मोठ्या ताईंनी आम्हाला एक वही घालायला लावली. कोणत्या तारखेला किती रकमेवर सही केली आणि किती मिळाले, हे प्रत्येकीने रोजच्या रोज लिहायचे. मग आम्ही विद्यापीठाच्या अर्जासाठी पदव्या हव्या आहेत, असे स्वतंत्र लेखी अर्ज दिले आणि त्यांची पोच घेतली. अकराव्या दिवशी पदव्या हातात आल्या. मुलांच्या वार्षिक उत्तरपत्रिका तपासून, निकाल लावून, रीतसर सूचना देऊन आम्ही त्या शाळेतून बाहेर पडलो. राहिलेले पैसे मिळाले नाहीत. पण ज्या मुलांना आम्ही शिकवत होतो त्यांचे वर्ष वाया गेले नाही आणि पुढच्या मुलाखतीत आम्हाला कोणाची नजर चुकवावी लागली नाही. ती वही माझ्याकडे आजही आहे.

गेल्या वर्षी आपलीच एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. तीन महिन्यांचा पगार अडकलेला, आणि वरून 'सोडून गेलात तर अनुभवपत्र मिळणार नाही' अशी तंबी. तिने विचारले, 'बाई, भांडू की सोडून देऊ?' घरी आई म्हणत होती, तोंड मिटून राहा. भाऊ म्हणत होता, उद्याच राजीनामा फेकून ये. मी तिला तिसरी वाट सांगितली. आधी वरिष्ठांशी एकांतात, शांतपणे बोल. त्याच संध्याकाळी त्या बोलण्याचा सारांश ई-मेलने पाठव: आज आपले असे बोलणे झाले, अमुक तारखेपर्यंत पगार देण्याचे आपण मान्य केले. तारीख उलटली तर दुसरे पत्र, त्यात रक्कम आणि महिने. तेही निष्फळ ठरले तर श्रम कार्यालय. या सगळ्या काळात कामात कसूर नाही, कार्यालयातल्या गटावर शेरेबाजी नाही, आणि कंपनीचे कागद घरी आणणे नाही. दुसऱ्या पत्रानंतर तिला दोन महिन्यांचा पगार मिळाला, तिसऱ्यासाठी तिने श्रम कार्यालयात अर्ज केला आहे. दरम्यान तिने दुसरी नोकरी शोधली. तिच्या वागण्यात कुठेही आरडाओरडा नव्हता आणि कुठेही लाचारी नव्हती. व्यावसायिक सभ्यता मी याला म्हणते.

या वाटेवर कायदा किती साथ देतो, हे पालकांनी थोडे जाणून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता अमलात आल्या. त्यांच्यानुसार कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि नोकरी सोडली वा काढून टाकले तर राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा हिस्सा जमा होतो की नाही, हे मोबाईलवर पासबुक उघडून दर महिन्याला पाहता येते. ते पाहण्याची सवय लावावी. स्त्रियांच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती मागतो, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मुली गप्प राहतात आणि ही मुदत निघून जाते, म्हणून ती आईने लक्षात ठेवावी.

बॉण्डविषयीही अनेक गैरसमज आहेत. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात दुसरीकडे काम करायचे नाही, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. परंतु ठराविक काळ नोकरी करीन, नाहीतर ठरलेली रक्कम भरीन, असा बॉण्ड मात्र प्रत्येक वेळी निरर्थक असतो असे समजू नये. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तेव्हा दोन लाख रुपयांची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध मानली. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि वाचण्यासाठी एक दिवस मागून घ्या.

आम्हा शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली निर्णय दिला की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराला खुले असलेले ते दार शिक्षकाला बंद झाले. त्यामुळे शिक्षकाचे नियुक्तिपत्र, सेवापुस्तिका आणि वेतनाच्या नोंदी यांचे मोल अधिकच वाढते. उपदान मात्र शिक्षकांनाही लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने ते १९९७ पासून मान्य झाले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली.

हे हक्क कोणी उदारपणे दिलेले नाहीत, याची जाणीव आपल्याला असावी. १८८४ साली सप्टेंबर महिन्यात मुंबईत परळला गिरणी कामगार जमले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अपघात झाल्यास साहाय्य, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. निवेदनापासून सुट्टीपर्यंत सहा वर्षे गेली. आज आपण रविवारी सकाळी निवांत पोहे खातो, त्यामागे त्या सह्या आहेत.

आणि आपल्या भिलाईलाही या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. ज्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून आपल्या भट्ट्यांना लोहखनिज येते, तिथले कंत्राटी मजूर १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. त्या वर्षीच्या जूनमधल्या गोळीबारात अकरा जण गेले. त्याच मजुरांनी पुढे १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे केले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईतील घरात, झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि सोळा जणांचे प्राण गेले. त्यांच्या मागण्यांत कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि काढून टाकलेल्यांना परत घेणे या गोष्टी होत्या. त्या काळच्या राजकारणाविषयी या सभागृहात मतभेद असतील, असावेतही. परंतु त्या रुळांवरून आपली मुले आज मुलाखतीसाठी गाडी पकडतात, हे विसरता येत नाही. कागदावर लिहिलेला पगार वेळेवर मिळावा, ही मागणी क्षुल्लक नाही, हे भिलाईच्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको.

आता थोडे आपल्याचविषयी. आज या सभागृहात बसलेले कित्येक माजी विद्यार्थी स्वतःच मालक आहेत. कोणाचा कारखाना आहे, कोणाचे दवाखाने, कोणाचे दुकान, कोणाचे शिकवणीवर्ग. प्रत्येकाच्या घरी धुणीभांडी करणारी, मुले सांभाळणारी कोणी मावशी येते. अन्यायी मालकाविषयीचे भाषण ऐकताना आपण स्वतःला नेहमी कर्मचाऱ्याच्या जागी ठेवतो. क्षणभर दुसऱ्या खुर्चीत बसून पाहावे. आपल्याकडे काम करणाऱ्याला पगाराची तारीख ठाऊक आहे का? आजारपणाचा दिवस कापला जातो का? नोकरी मागायला आलेल्या मुलीला आपण काय विचारतो? तिची कागदपत्रे आपल्या कपाटात तर नाहीत? आपल्या शाळेत शिकलेला माणूस मालक झाल्यावर कसा वागतो, याची गुणपत्रिका कोणी छापत नाही. ती काम करणाऱ्यांच्या घरी दररोज लिहिली जाते.

पालकांना एक कळकळीची विनंती. मूल संध्याकाळी फोनवर सांगते की कार्यालयात त्रास आहे, तेव्हा 'सगळीकडे असेच असते' हे वाक्य शक्यतो टाळा. त्या वाक्याने मूल सांगायचे थांबते, त्रास थांबत नाही. आधी पूर्ण ऐका. नंतर विचारा: लिहून ठेवले आहेस का? कोणाशी बोललास? घरभाड्याची दोन-तीन महिन्यांची सोय आहे का? पहिल्या पगारापासून थोडी शिल्लक बाजूला ठेवायला शिकवा. नाही म्हणण्याचे बळ पुष्कळदा बँकेतल्या त्या लहानशा रकमेतून येते. आणि नोकरी सोडून मूल घरी आलेच, तर शेजारी काय म्हणतील याचा विचार चार दिवस पुढे ढकला.

शेवटी एक प्रस्ताव मांडून थांबते. या हीरक महोत्सवी वर्षात आपण कमान उभारू, स्मरणिका काढू, सत्कार करू. त्यासोबत महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या सभागृहात सराव मुलाखती घेऊ. तुमच्यापैकी जे प्लांटमधून, बँकांतून, कारखान्यांतून निवृत्त झाले आहेत त्यांनी मंडळ म्हणून बसावे; बाहेरगावी असणाऱ्यांनी दूरध्वनीवरून एक तास द्यावा. बारावीची आणि पदवीची मुले समोर बसतील. त्यांना नियुक्तिपत्र कसे वाचावे, पगाराविषयी कसे बोलावे, तक्रारीचे पत्र कसे लिहावे, हे तुमच्या अनुभवातून कळेल. पहिल्या शनिवारी मी स्वतः नियुक्तिपत्राचा एक नमुना फळ्यावर लिहून त्यातले प्रत्येक वाक्य समजावून सांगेन. नावनोंदणीची वही बाहेर कुलकर्णी सरांच्या जुन्या टेबलावर ठेवली आहे. जाताना तीत आपले नाव, कामाचे क्षेत्र आणि सोयीचा शनिवार लिहून जावा, ही विनंती.